विषय: चोर्ला घाटात गिअरचा दांडा तापतो

नमस्कार मंडळी,
सुट्टीला बेळगावात आलोय, बाबांची जुनी डिझेल जीप चालवतोय. शनिवारी गोव्याहून येताना केरीपासून चोर्ला घाट चढलो, गाडी माणसांनी आणि सामानानं भरलेली, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या वर जाताच येईना, आणि वर येईपर्यंत दांडा एवढा तापला की कणकुंबीला थांबून आईच्या पिशवीतला टॉवेल गुंडाळला. इंजिनच्या तापमानाचा काटा मात्र मधेच. बाबा म्हणतात पूर्वी एवढं तापत नव्हतं. गिअरबॉक्स जायलाय की काय? काळजी लागलीय, कुणाला माहीत असेल तर सांगा की.

---

अरे, घाबरू नको, पण बघून घे. तुझी जीप मागच्या चाकांवर चालणारी, म्हणजे दांडा थेट गिअरबॉक्समधून वर आलेला, लोखंडाचा. खाली जे तापतं ते हाताला लागणारच. चौथ्या गिअरला ताकद सरळ आरपार जाते, पण दुसऱ्या-तिसऱ्याला ती खालच्या शाफ्टवरून फिरून येते, दात दोनदा घासतात आणि साधारण तीन-चार टक्के ताकद उष्णतेत जाते. घाटात इंजिन 30 किलोवॅट देत असेल तर हे झाले एक किलोवॅट, म्हणजे पाणी तापवायचा रॉड अर्धा-पाऊण तास ऑइलमधे घातल्यासारखं बघ! त्यात गाडी हळू, खालून वारा नाही, शेजारनं सायलेन्सरचा पाइप. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत दांड्याला सहसा नुसत्या केबली असतात, तिथं तापलं तर बहुतेक खालच्या पाइपचीच धग.
पण पूर्वी नव्हतं म्हणतोस ना, मग दांड्याचं वरचं कव्हर काढून आतला रबरी बूट, म्हणजे दांड्याच्या बुडाशी बसवलेलं रबराचं आवरण, बघ, फाटला असेल तर खालची गरम हवा सरळ वर येते. सायलेन्सरच्या पाइपवरचा धग अडवणारा पत्रा जागेवर आहे का तेही बघ. आणि गिअरबॉक्सचं ऑइल, गाडी सपाटीला लावून थंड झाल्यावर गिअरबॉक्सच्या बाजूचा फिलर बोल्ट, म्हणजे ऑइल भरायच्या भोकाचा बोल्ट, काढायचा, ऑइल भोकाच्या खालच्या काठाला लागलं पाहिजे. कमी असलं तर मात्र तसा घाट चढू नको, बेअरिंग जातात.

---

काका, लई उपकार झाले. काल उद्यमबागेत मेस्त्रीकडं नेली. कव्हर काढलं तर रबर एका बाजूला वीतभर फाटलेलं, आत सगळी तांबडी माती साचलेली, पत्र्याचा एक बोल्टही गेलेला. ऑइलला मी स्वतः बोट घालून बघितलं, बोटाचं एक पेर खाली होतं, ऑइल गळू नये म्हणून असतं त्या सीलपाशी ओल होती. मेस्त्रीनं सील बदललं, ऑइल भरलं, नवीन बूट घातला, पत्राही आवळला. आज बाबांना शेजारी बसवून परत केरीहून वर आलो, दांडा कोमट होतो पण आता हात ठेवता येतो. कणकुंबीत बाबांनी स्वतः हात लावून बघितला आणि पुढं घरापर्यंत गाडी त्यांनीच चालवली.