फुकटात पेपरात बातमी कशी आणायची? (सोलापूर)

अभ्यासिका_पूर्वभाग: विडी कामगारांच्या मुलांसाठी संध्याकाळची मोफत अभ्यासिका चालवतो. शिकवायला माणसं हवीत. 13 जानेवारीला नव्या खोलीत जातोय. पेपरात, रेडिओवर फुकटात कसं येईल? बजेट शून्य.

चादरवाले_काका: डिजिटल फलक लावा. आमच्या मंडळाचा दत्त चौकात होता, वीस बाय दहा. पाच-सहा हजारात काम होतंय.

नवीपेठकर: काका, शून्य म्हणालेत ते. आणि महापालिकेची परवानगी?

चादरवाले_काका: परवानगी काढून कोण लावतंय बे?

माजी_उपसंपादक: शहर पानावर अकरा वर्षं काढलीत, म्हणून सांगतो. लेटरहेडचा मोबाईलवर काढलेला फोटो पाठवू नका, तो परत टाईप करावा लागतो. रात्री आठला कोण करणार? मेलमध्येच युनिकोडात, म्हणजे मोबाईलवर टाईप होतं त्या मराठीत, दीडशे शब्द, दुपारी चारच्या आत. काय, कुठे, कधी, कुणाला फोन करायचा हे वरच. मान्यवरांची नावं तळाला. जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. सत्काराचा फोटो नको, पाटीवर गणित सोडवणारी पोरगी चालेल. संचार, तरुण भारत इथलेच, गल्लीची बातमी त्यांना लागते.

स्वाती_जुळेसोलापूर: आमच्या बचत गटाची बातमी आली, पण नंबरातला एक आकडा चुकला. एका रिक्षावाल्याला आठवडाभर पापडाच्या ऑर्डरी! वर पुढच्या महिन्यात त्याच पेपरचा माणूस वर्धापनदिनाच्या पुरवणीला जाहिरात मागायला हजर.

वाचनवेडा: आकाशवाणी सोलापूर, 103.4. आम्ही पत्र दिलं, महिन्याने मुलाखतीला बोलावलं. सगळ्या नातेवाइकांना कळवलं, आणि नेमकी त्या वेळी लाईट गेली.

नवीपेठकर: प्रेसनोट मेलने पाठवा. युनिकोडमध्ये.

माजी_उपसंपादक: तेच लिहिलंय की वर. मुख्य म्हणजे तारीख बदला. गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे दिवस आहेत. नंदीध्वज, अक्षता, शोभेचं दारूकाम, यातून तुमच्या खोलीला दोन ओळीही मिळायच्या नाहीत.

चादरवाले_काका: म्हणून म्हणतोय, डिजिटल.

अभ्यासिका_पूर्वभाग: सगळ्यांचे आभार. तारीख तीच ठेवतोय, पेपरचं नंतर बघू. अख्खं सोलापूर गड्ड्याला होम मैदानावर येतंय तर आम्हीच तिथं वही घेऊन उभं राहतो. पोरांनी हाताने चिठ्ठ्या लिहायला घेतल्यात. काल चाळीस झाल्या, त्यातल्या सहांवर पत्ताच नाही.