ससा गवताला तोंडच लावत नाही

प्रश्न (इंदूर): आमचा कापूस दीड वर्षाचा. गाजर दिसलं की उड्या, गवताकडे ढुंकूनही बघत नाही. त्यात बाबा सकाळी पोह्यांवरची शेव चारतात! तीन दिवस लेंड्या मोहरीएवढ्या. काय चुकतंय?

उत्तर: शेव आजच बंद. गाजर म्हणजे त्याची जिलबी, कधीतरी अंगठ्याएवढा तुकडा पुरे. दात जन्मभर वाढतात, झिजतात ते गवत चावूनच. खाण्यात ८० टक्के वाळलं गवत हवं. लसूणघास मोठ्या सशाला रोज नको, कॅल्शियम फार. आमची ठमी दूर्वांवर तुटून पडते, गणपतीला उरतील तेवढ्याच.

प्रश्नकर्ती: रात्री स्वतःची मऊ लेंडी खातो, ई!

उत्तर: खाऊ द्या, जीवनसत्त्वं असतात त्यात. पण लेंड्या बारीक झाल्यात, उद्याच डॉक्टरांना दाखवा. खाणंच सोडलं तर रात्रीसुद्धा थांबू नका.