'इट्स सच अ ब्यूटिफुल डे' बघून तुम्हाला काय आठवलं?

सईची_आई
पुतण्याने लिंक पाठवली, "काकू, काड्यांची माणसं आहेत, पण बघच." डॉन हर्ट्झफेल्डचा सिनेमा, ६२ मिनिटांचा. हॅट घातलेला बिल, त्याच्या डोक्यात काहीतरी बिघडत चाललंय. तिसऱ्या भागात तो फेरफटका मारून घरी येतो, जाऊन आल्याचं विसरतो आणि परत बाहेर पडतो. पुन्हा तेच. तिथे मी फोन पालथा ठेवला.

आमचे अप्पा, म्हणजे माझे सासरे, शेवटी शेवटी कोथिंबीर आणायचे. जुडी ओट्यावर ठेवायची, चप्पल काढायची, पाणी प्यायचं आणि "अगं, कोथिंबीर राहिली" म्हणत पिशवी घेऊन परत निघायचं. फ्रिजमध्ये जुड्या, खिडकीत जुड्या, त्यांचे रबरबँड अप्पांच्या मनगटात. वड्या केल्या, चटणी केली, मजल्यावर वाटली, तरी उरायची. भाजीवालीला सांगून ठेवलं होतं, तर म्हणाली, "ताई, ते इतकं हसून मागतात, नाही कसं म्हणू?" सिनेमात बिलला त्याच रस्त्यावरचे चेहरे, विटांच्या भिंती, गवत सगळं पहिल्यांदा बघावं तसं सुंदर दिसायला लागतं. अप्पांना मंडई तशीच दिसत असेल का, हे कालपासून डोक्यात आहे.

हा किंवा असलाच दुसरा कुठला बघितला असेल तर लिहा. कुकर लावून येते.

चहाबाज
सुरुवातीलाच तो अर्धवट ओळखीचा माणूस रस्त्यात भेटतो, नाव आठवत नाही आणि दोघंही भलतंच काहीतरी पुटपुटून सटकतात. माझं प्रत्येक लग्नकार्यात हेच होतं. "काय, बरंय ना? घरी सगळे मजेत?" यावर निम्मं आयुष्य निभावलंय.

मीनाक्का
सई-आई, डोळ्यात पाणी आणलंस गं. आमच्या आईला आम्ही कुणी आठवत नव्हतो, पण रामरक्षा एका दमात म्हणायची. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

कागद_कात्री
अ‍ॅनिमेशनचं काम करतो म्हणून थोडं तांत्रिक, कंटाळा आला तर पुढे जा. हे सगळं ३५ मिमीच्या जुन्या कॅमेऱ्यावर शूट केलंय. काळ्या पडद्यावर वेड्यावाकड्या खिडक्या उघडतात आणि एकेकीत वेगळं काही चालू असतं, ते कॅमेऱ्यातच केलंय. फिल्मचा थोडा भाग उजळवायचा, बाकीचा झाकून ठेवायचा, रीळ मागे न्यायचं, दुसरा भाग उजळवायचा. मध्ये कुठे हात चुकला की आधीचं सगळं वाया. तीन भाग २००६, २००८ आणि २०११ मध्ये आले, २०१२ मध्ये एकत्र जोडले. चित्रं हर्ट्झफेल्डची, निवेदनाचा आवाजही त्याचाच.

मला पटलं ते हे, की आठवणी ओळीने येत नाहीत. आईचं जाणं आणि दुकानातलं फळ निवडणं शेजारी शेजारी, एकाच मापाच्या खिडकीत. रडका सिनेमा काढणारे शंभर आहेत, असं मांडणारा विरळा.

निशाचर
आमच्या हिने दहाव्या मिनिटाला विचारलं, "हे असंच आहे का शेवटपर्यंत?" मी हो म्हणालो. ती झोपली. मी रात्री दोनपर्यंत छताकडे बघत.

पमी_फ्रीमाँट
अगं बाई, हा हर्ट्झफेल्ड आमच्या कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचाच की! जन्म १९७६चा. इथे मराठी मंडळी ढिगाने आहेत, पण कुणाच्या तोंडी याचं नाव ऐकलं नाही. सगळ्यांचा विषय एकच, घरांच्या किमती.

चहाबाज
पमी, तिकडे चांगला वडापाव मिळतो का गं?

पमी_फ्रीमाँट
मिळतो. लसणाची चटणी मात्र घरून न्यायची.

दिगूकाका
तुम्ही तरुण लोक अमेरिकन बघता. आम्ही फिल्म सोसायटीच्या लाकडी खुर्च्यांवर युरी नॉर्श्टेनचा 'गोष्टींची गोष्ट' पाहिला. सोव्हिएत, १९७९चा, जेमतेम अर्ध्या तासाचा. अंगाईतला करडा लांडगा रिकाम्या पडत चाललेल्या जुन्या घरात एकटाच राहतो, बटाटे भाजतो. दिव्याखाली जोडपी टँगो नाचतायत, आणि गाणं अडखळलं की एकेक पुरुष नाहीसा होतो. युद्धावर गेला. बाई हात तसेच उचललेले ठेवून उभी. काचेच्या थरांवर कागदाची कातरलेली चित्रं सरकवून केलंय हे सगळं, चित्रं त्याच्या बायकोची, फ्रांचेस्का यार्बुसोवाची.

माझी आत्या १९६२ नंतर दर पोस्टमनला दारात जायची. काका चीनच्या सरहद्दीवर होते. तिचा हात कडीवर असायचा तो मला त्या टँगोत दिसला. बाकी कथा विचाराल तर आजही नीट सांगता यायची नाही.

निशाचर
काका __/\__

रेवा_१२
मला नाही आवडला. सॉरी. एक तास माणसाचे हाल बघायचे आणि त्याला सुंदर दिवस म्हणायचं? माझ्या भावाला फिट्स यायच्या, हॉस्पिटलच्या खुर्चीत बसून मला विटांच्या भिंती सुंदर वाटल्या नाहीत कधी. आणि शेवटी निवेदक बिलला मरूच देत नाही, तो अमर होतो, तारे विझेपर्यंत जगतो. एवढं सोपं असतं तर!

सोनचाफा
रेवा!! शेवट सांगितलास!! आज रात्री बघणार होते मी!

कागद_कात्री
रेवा, तो सोपेपणा नाही असं मला वाटतं. ऐनवेळी निवेदकाचाच धीर सुटतो, "नाही, हा मरत नाही" म्हणून तो गोष्ट रेटत नेतो. आपण आयसीयूबाहेर हेच करतो. बाकी आवडलाच पाहिजे असं काही नाही.

रेवा_१२
हं. असं बघितलं नव्हतं. तरी परत नाही बघणार.

मीनाक्का
नको बघूस बाळा. भाऊ कसा आहे आता?

रेवा_१२
बराय. औषधं चालू, नोकरी चालू, माझ्याशी भांडणं चालू.

तीन_मुलांचा_बाप
कार्टून म्हणून मुलांसोबत लावू नका, एवढंच सांगायला आलो. धाकटा विचारतोय बिलच्या डोक्यात मासा कसा गेला. आमच्या वेळचं 'एक अनेक और एकता' बरं होतं.

सोनचाफा
एक चिड़िया, अनेक चिड़ियाँ! विजया मुळ्यांचं ना? १९७४चं. झालं, आता दिवसभर तेच गुणगुणणार.

सईची_आई
आले. कुकर झाला, भाकऱ्या बाकी. रेवा, लिहिलंस ते बरं केलंस. कुणी गीतांजली राव यांचा 'प्रिंटेड रेनबो' बघितलाय का? मुंबईच्या, जेजे कला महाविद्यालयात शिकलेल्या. म्हातारी, तिची मांजर आणि काडेपेट्यांवरची चित्रं, त्या चित्रांत ती हिंडून येते. २००६ मध्ये फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात गाजला होता.

उजनीकाठ
मी कुनिओ काटोच्या जपानी सिनेमाबद्दल लिहितो. बाराच मिनिटांचा, संवाद नाहीत, २००९ मध्ये ऑस्कर मिळालं. गावात पाणी चढत राहतं, म्हातारा घरावर घर बांधत वर जातो. एकदा त्याचा पाइप खाली पडतो, तो आणायला सूर मारतो तर प्रत्येक मजल्यावर जुने दिवस. बायको, मुलगी, जेवणाचं टेबल.

आमचं जुनं पळसदेव उजनीच्या पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. वडील मला चिखलातून न्यायचे आणि काठीने दाखवायचे, हा आपला उंबरा, इथे गोठा, इथे तुझी आजी दळायला बसायची. मला नुसता गाळ आणि शिंपले दिसायचे. ते मात्र चालताना उंबऱ्याच्या जागी पाय उचलून टाकायचे. सिनेमा वडिलांना दाखवला. बघून म्हणाले, "ह्याला पोहता येतंय, बरंय."

दिगूकाका
वा! उजनीकाठ, आम्हाला त्या देवळापर्यंत जाता येईल का? गुडघे बेताचे आहेत.

उजनीकाठ
पाणी पूर्ण उतरलं तर चालत, नाहीतर होडीने. मे महिन्यात या काका, पण सकाळी लवकर, नंतर ऊन फार. येताना भिगवणला मासे खा.

चहाबाज
मासे म्हणालात? मीपण येतो.