नुकताच पाहिलेला सिनेमा, आपापल्या कामाच्या नजरेनं

या धाग्याला एकच अट आहे. "भारी होता", "टाइमपास", "सेकंड हाफ पडला" एवढ्यावर भागवायचं नाही. हातात जे काम आहे त्याच डोळ्यांनी पडद्यावर काय खरं दिसलं, काय फसलं आणि का फसलं, ते लिहा. शेतकऱ्यानं शेत बघावं, रेल्वेवाल्यानं गाडी. स्वतःची कहाणी नको, शेवट फोडू नका. खान्देशाबाहेरचे सिनेमेही चालतील, नजर इकडची हवी.

सावदा, केळी बागायत

गाणं केळीच्या बागेत असलं की आधी घडाकडे बघायचं. घड पिवळाधमक दिसला तर तो आणून टांगलेला आहे. आपल्याकडे व्यापारी माल झाडावर पिकूच देत नाहीत. केळ्याच्या कडा गोलसर झाल्या की घड हिरवाच कापतात. पिवळेपणा पुढे रायपनिंग चेंबरमध्ये येतो, १६ ते १८ अंशांत, इथिलीन या पिकवणाऱ्या वायूवर, चारेक दिवसांत.

दुसरी गोष्ट अंतराची. पाच बाय पाच किंवा सहा बाय पाच फुटांवर लावलेल्या बागेत घड पडायच्या वेळी पानं वर एकमेकांत गुंततात, खाली अंधारल्यासारखं होतं, पायात ठिबकच्या नळ्या. हात पसरून पळायला जागाच नसते. पळण्याएवढी मोकळी बाग असेल तर ती तीन-चार महिन्यांची, आणि त्या वयाच्या झाडाला घड कुठला? मोकळी बाग आणि लोंबता घड एका चौकटीत आले की समजायचं, घड बांधलाय. सुतळी शोधा, कधीकधी सापडते.

तिसरं, कपडे. केळीचा चीक कापडावर पडतो तेव्हा पाण्यासारखा असतो, वाळल्यावर काळपट तपकिरी होतो आणि मग धुण्यानं जात नाही. त्यामुळे कापणीचे कपडे वेगळे, कायमचे डागाळलेले. पडद्यावरचा मजूर पांढराशुभ्र सदरा घालून वीस-पंचवीस किलोंचा घड उघड्या खांद्यावर घेतो, खाली फडक्याची घडीसुद्धा नाही. एवढ्यावरून दिग्दर्शक बागेत किती दिवस राहिला ते कळतं.

पारोळा, कापूस

वरच्यात भर. कापसाचं शेत खालपासून शेंड्यापर्यंत एकसारखं पांढरं आणि पानं हिरवीगार दाखवतात. बोंडं खालच्या फांद्यांपासून फुटत वर जातात, म्हणून तर तीन-चार वेचण्या लागतात. पहिल्या वेचणीला खाली पांढरं, वर हिरवी बोंडं, शेंड्याला फूलही असतं. दवात वेचत नाहीत, ओला कापूस पिवळा पडून भाव तुटतो. त्यामुळे पहाटेच्या धुक्यातली सुंदर वेचणी फक्त कॅमेऱ्यासाठी. आणि फुटलेल्या बोंडाची वाळकी टोकं इतकी टोचरी असतात की पऱ्हाटीतून पळणारीची ओढणी पाचव्या पावलाला अडकावी.

रावेर

सातपुडा आपल्या उत्तरेला आहे. हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येला बुडतो. थंडीचे दिवस, शाली पांघरलेली माणसं आणि सातपुड्यामागे सूर्यास्त, असं दिसलं तर ते डोंगर दुसरीकडचे आहेत. जमीन लाल असेल तर बघायलाच नको.

भुसावळ, रेल्वे

जुन्या काळचा सिनेमा असेल तर इंजिनाआधी डब्यांचा जोड बघा. जुन्या आयसीएफ डब्यांना दोन्ही बाजूंना धक्का झेलणारे गोल बफर आणि मध्ये स्क्रू कपलिंग असतं. नव्या एलएचबी डब्याला बाजूचे बफर नसतात, मध्ये एकच जाड कपलर. एलएचबी आपल्याकडे साधारण २००० पासूनचे. म्हणजे १९८० सालच्या निरोपाच्या प्रसंगात बफर नसलेला डबा दिसला की प्रसंग गेला. निळा रंगही नंतरचा, त्या काळी गाड्या विटकरी-तांबड्या.

आवाजात तर सर्रास चूक होते. "खडाक-खडाक" हा आवाज रुळांच्या सांध्यांचा. १३ मीटरच्या रुळांमधल्या फटीवरून चाक गेलं की तो येतो. आता मुख्य मार्गावर रूळ वेल्ड करून लांबच लांब केलेत, तिथे सलग घरघर असते आणि खडखडाट फक्त यार्डातल्या काट्यांवर. आजच्या काळातल्या सिनेमातही तोच जुना आवाज चिकटवतात. प्रेक्षकाला त्याशिवाय गाडी वाटत नाही म्हणे! वाटेल हो, एकदा ऐकवून तरी बघा.

धुळे, थिएटर ऑपरेटर

"फार अंधारा काढलाय" ही तक्रार हल्ली प्रत्येक दुसऱ्या सिनेमाबद्दल येते. कॅमेरामनला शिव्या देण्याआधी हॉल तपासा. मोकळ्या पडद्याच्या मध्यभागी १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरच्या उजेडाचं माप) उजेड हवा असं मानक आहे. झेनॉनचा दिवा जुना होत जातो तसा उजेड उतरत जातो, आणि दिवा महाग म्हणून बदलणं लांबतं. थ्रीडीचा फिल्टर टूडी खेळाला पुढून काढला नाही तर निम्म्याहून जास्त उजेड तिथेच जातो. थ्रीडीसाठी चंदेरी पडदा लावलेला असेल तर मध्ये चकाकी आणि कडा मंद. अशा हॉलमध्ये कोपऱ्यातली खुर्ची घेऊ नका.

चौकटीचं सोपं आहे. टूके फाइलमध्ये फ्लॅट म्हणजे १९९८ बाय १०८० पिक्सेल, स्कोप म्हणजे जास्त आडवी चौकट, २०४८ बाय ८५८. स्कोप सिनेमा फ्लॅट पडद्यावर लावला की वर-खाली काळ्या पट्ट्या येतातच, तो दोष नाही. पण माणसं बारीक-उंच किंवा बुटकी-जाड दिसली तर लेन्स किंवा प्रीसेट चुकलाय, सरळ बाहेर येऊन सांगा. फोकस ओळखायला सबटायटलकडे बघा. अक्षरांच्या कडा मऊ असतील तर चेहरेही मऊच दिसणार.

आवाज. साउंड प्रोसेसरवर ७ हा आकडा मानक, मिक्सिंग त्याच पातळीवर झालेलं असतं. जाहिराती आणि ट्रेलर कर्कश असतात, लोक ओरडतात, मग ऑपरेटर साडेचार-पाचवर आणतो आणि सिनेमा सुरू झाला तरी तिथेच ठेवतो. मारामारी तेवढीच दणदणीत वाटते, पुटपुटलेले संवाद मात्र हरवतात. "डायलॉग कळलेच नाहीत" यातले निम्मे गुन्हे या एका बटणाचे. बसायला पडद्यापासून दोन-तृतीयांश अंतरावर, मधली ओळ. आवाजाचं मोजमाप त्याच भागात करतात.

मालेगाव, शूटिंग आणि एडिटिंग

'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' (२०२५, दिग्दर्शन रीमा कागती) बघताना दोन व्हीसीआरवरच्या जोडकामाकडे लक्ष द्या, कारण गोष्ट १९९७ पासून सुरू होते आणि त्या काळी छोट्या गावात एडिटिंग म्हणजे हेच. एक डेक प्लेला, दुसरा रेकॉर्डला. टेप वेग घेईपर्यंत काही फ्रेम जातात, म्हणून दोन्ही टेप पाचेक सेकंद मागे घेऊन एकाच वेळी पॉज सोडायचा. तरी कट नेमका पडत नाही, चार-पाच फ्रेम इकडे-तिकडे. मारामारीत ते खपतं. विनोदात नाही, तिथे चार फ्रेम उशीर झाला की हशा मेला. पॉजवर डेक ठेवून विचार करत बसायचीही सोय नव्हती. पाचेक मिनिटांनी तो आपोआप सुटतो, नाहीतर फिरतं हेड टेप एकाच जागी घासतं.

कॉपीची कॉपी काढली की आधी रंग जातो. लाल साडी शेजारच्या भिंतीवर सांडल्यासारखी दिसते. तिसऱ्या पिढीला डोळे आणि भुवया एक होतात. शिवाय आपल्या टीव्ही-व्हिडिओच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, सिनेमाच्या २४. म्हणून कॅसेटवर अडीच तासांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपायचा आणि गाणी किंचित बारीक आवाजात ऐकू यायची. जुनी गाणी कॅसेटवर ऐकून पाठ केलेल्यांना मूळ पट्टी अजून खालची वाटते ती यामुळे.

सायकलची ट्रॉली आणि बैलगाडीची क्रेन बघायची असेल तर फैजा अहमद खान यांचा २००८ चा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट पाहा. सायकलची युक्ती आजही चालते. कॅमेरावाला कॅरिअरवर मागे तोंड करून, पॅडल कोणी मारायचं नाही (मारलं की चौकट डावी-उजवी डुलते), दोघांनी ढकलायचं, आणि टायरमधली हवा थोडी कमी ठेवायची म्हणजे खडे जाणवत नाहीत. माझं मत विचाराल तर कथापट गोड आहे, गाव मात्र माहितीपटात जास्त आहे.

धुळे, यंत्रमाग

मालेगावात शुक्रवारी सांचे म्हणजे माग बंद, म्हणून त्या दिवशी थिएटर भरतं, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. बाकी दिवशी सांचा चालू असताना हातभर अंतरावरचं बोलणंही ऐकू येत नाही. कानाला तोंड लावतात नाहीतर हातानं खुणा करतात. मागे आडवा धागा नेणारे धोटे पळताहेत आणि पुढे दोघं कुजबुजताहेत, असं दृश्य कुठल्याही सिनेमात दिसलं तर तो आवाज नंतर लावलेला.

अमळनेर, अहिराणी

वाक्याच्या शेवटी "शे" लावलं की अहिराणी होत नाही, भो. परीक्षा घ्यायची तर वर्तमानकाळ ऐका. मी जास, तू जास, तो जास, तिघांना एकच रूप. नट "मी जातो शे" म्हणाला की लेखकानं प्रमाण मराठी लिहून वर फोडणी दिलीय. "चाललोय"ला "जाई राहयनू". "माझा भाऊ, माझी आई, माझं घर" म्हणजे "मना भाऊ, मनी माय, मनं घर".

दुसरी गल्लत वऱ्हाडीशी. दोन्हीकडे "ला"चं "ले" होतं, म्हणून लेखक बिनधास्त उसनवारी करतात. वऱ्हाडीत "मले", आपल्याकडे "माले". "तुले काय जोयजे?" हे आपलं, "कायले बे?" नागपूरचं. धुळ्यातला पोरगा "बे" म्हणायला लागला की कान बंद करावेत. मुख्य नटाला भाषेचा मास्तर मिळतो, त्यामुळे त्याच्याकडे बघू नका. मागच्या गर्दीचे आवाज ऐका. बाजारात, लग्नात मागून कोण काय ओरडतं, तिथे पुणं उघडं पडतं.

यावल

आणि सगळा खान्देश अहिराणी बोलत नाही, हे कोणीतरी सिनेमावाल्यांना कळवा. आमच्या पट्ट्यात लेवा गणबोली. जामनेरकडे तावडी, सातपुड्यात पावरी. "ळ"चा "य" अहिराणीतही होतो, आमच्यातही: डोया, काया, केयं. बहिणाबाईंचं "वढाय" म्हणजे "ओढाळ". पण क्रियापदं वेगळी. बहिणाबाईंच्या गावची बाई दाखवून तिच्या तोंडी "जास, करस" घातलं तर भाषा नदी ओलांडून आली.

नंदुरबार, टीव्ही दुरुस्ती

घरी बघणाऱ्यांसाठी. नवीन टीव्ही दुकानातल्या भगभगीत उजेडात उठून दिसावा म्हणून 'व्हिव्हिड'वर असतो. घरी 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावा, शार्पनेस शून्यावर किंवा अगदी खाली, मोशन स्मूदिंग बंद. ते चालू असलं की टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवतो आणि लाखोंचा सिनेमा मालिकेसारखा दिसतो.

सुजय डहाके यांचा 'श्यामची आई' (२०२३) कृष्णधवल आहे. व्हिव्हिडवर त्यातला राखाडी निळसर पडतो. कलर टेंपरेचर 'वॉर्म' करा, ब्राइटनेस काळ्या केसांतल्या बटा दिसतील इतपत. अत्र्यांच्या १९५३ च्या सिनेमाशी तुलना करायची असेल तर दोन्ही एकाच सेटिंगवर बघा, नाहीतर तुलना टीव्हीची होते.

संवाद ऐकू येत नसतील तर साउंड आउटपुट पीसीएम किंवा स्टीरिओ करा. ५.१ मध्ये संवाद मधल्या स्पीकरचे, आणि तो आपल्या टीव्हीला नसतो. 'साबर बोंडं' (२०२५) यात पार्श्वसंगीतच नाही, त्यामुळे पंखा, कुकर चालू असताना बघाल तर "काहीच घडत नाही" म्हणाल. रात्री दहानंतर, हेडफोन लावून.

पाचोरा, गणेश मंडळ

गावात पडदा लावणाऱ्यांसाठी हिशेब. बारा बाय सात फुटांचा पडदा म्हणजे ८४ चौरस फूट. वर ऑपरेटरनं सांगितलेल्या १४ नं गुणलं की साधारण १,२०० ल्युमेन (प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप). पण ते ठार अंधारात. आपल्याकडे चौकातला हायमास्ट असतो, म्हणून खरे ३,००० तरी हवेत, आणि खोक्यावर छापलेल्या आकड्यावर भरवसा नको. थ्रो रेशो (अंतर भागिले पडद्याची रुंदी) दीड असेल तर प्रोजेक्टर १८ फुटांवर, म्हणजे बरोबर बायाबापड्यांच्या मधोमध. आधीच चौरंग टाकून जागा धरा.

कापड जाड मांजरपाट, शिवण आडवी. खालची कड घट्ट ताणू नका, वारा आला की बांबूच उखडतो. खालून थोडी ढिली दोरी ठेवा. खालची कड जमिनीपासून चार फूट वर, नाहीतर मागच्यांना टोप्याच दिसतात. लॅपटॉप प्रोजेक्टरजवळ ठेवून आवाजाची वायर लांब न्या. एचडीएमआय दहा-पंधरा मीटरच्या पुढे गेली की चित्र लुकलुकतं. स्पीकरमधून "हूंऽऽ" येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, गेला तर सगळं एकाच बोर्डवर घ्या. चित्र काळं आणि आवाज चालू असेल तर तो ओटीटीचा कॉपी-संरक्षणाचा अडथळा. तसंही घरगुती सबस्क्रिप्शनवर चौकात सिनेमा दाखवता येत नाही, निर्मात्याची किंवा वितरकाची लेखी परवानगी घ्या. पावसाळ्यात किडे लेन्सवर बसतात, शेजारी दहा फुटांवर एक पांढरा बल्ब पेटता ठेवला की बरेचसे तिकडे जातात.

दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर सिनेमा संपल्यावर बोर्ड खटकन बंद करू नका. आधी रिमोटनं बंद करा आणि आतला पंखा थांबेपर्यंत दोन मिनिटं थांबा. तोवर सतरंज्या गोळा होतात.