‘सेक्युअर डीएनएस बंद करा’ हे कोनं शिकवलं बावा?

काल इथं एका भावानं टाकलं: “साइट उघडत नसन तं ब्राउझरमधलं सेक्युअर डीएनएस बंद करा, मोबाइलचं प्रायव्हेट डीएनएस ऑफ करा. खेड्यात कोन पाहते तुम्ही काय पाहता? हे पुण्या-मुंबईचे चोचले.” खाली अंगठ्यावर अंगठे. म्हणून लिहून राह्यलो. (डीएनएस म्हणजे साइटचं नाव सांगून तिचा नंबरी पत्ता, आयपी, विचारनं; सेक्युअर किंवा प्रायव्हेट डीएनएस तेच विचारनं झाकून करते.)

कपाशीवाला: खेड्यातच तं पाहतेत, भाऊ! शहरात पाहनारा अनोळखी असते. आमचा नेटवाला माझ्या सासऱ्याच्या भिंतीले भिंत लावून राहते. साधं डीएनएस ५३ नंबरच्या पोर्टवरून, म्हणजे ठरलेल्या दारातून, उघडं जाते. येष्टी ष्टँडवर उभं राहून “वकिलाचं घर कुठं?” म्हणून ओरडा, दिवे लागेस्तोवर गावाले कळते. तसंच हे.

अन सेक्युअर डीएनएस बंद केलं, साइट चालली, म्हणजे दोष त्याचाच असं नसते. आधी पाहा: एकच साइट बंद का साऱ्या? हॉटस्पॉटवर चालते का? तारीख बरोबर हाये का? अँड्रॉइड ९ पासून प्रायव्हेट डीएनएस हाये; तिथं सर्व्हरचं नाव टाकून ठेवलं अन तो भेटला नाही तं फोन साध्या डीएनएसवर उतरतच नाही, सारंच बंद. स्टेशनच्या वायफायचं लॉगिन पान अडते तेही याच्यानंच. तेवढ्यापुरतं ऑफ करा, लॉगिन झालं का पुन्हा लावा. एवढं जड हाये का?

सेतूवाला: लेक्चर देनं सोपं हाये. पीक विम्याची शेवटची तारीख, दारात रांग, म्हाताऱ्या उन्हात बसल्या. तवा तुमचं ५३ नंबर कोन पाहीन? सकाळी काहीच उघडत नाही. मी सेक्युअर डीएनएस बंद करतो, पाच मिनिटात गाडी रुळावर. लोकाले पावती पायजे, प्रायव्हसी नाही. अन तुम्ही १.१.१.१ ले (क्लाउडफ्लेअर कंपनीचा डीएनएस सर्व्हर) सारं सांगता, तो अमेरिकेतला तुमचा मामा हाये का?

कपाशीवाला: मामा नाही. पन तो माझ्या सासऱ्याले ओळखत नाही.

शाळामास्तर: सेतूवाल्यांचा एक मुद्दा मान्य करायला हवा. विश्वास संपत नाही, फक्त जागा बदलते. शिवाय डीएनएस झाकलं तरी आयपी दिसतो, आणि बहुतेक वेळा जोडणी करताना साइटचं नावही उघडंच जातं. ही घोंगडी गुडघ्यापर्यंतचीच आहे. तरी मी ती लावतो. आमच्याकडे साइटचं नाव चुकलं की “असं पान नाही” येण्याऐवजी जाहिरातीचं पान उघडायचं. सातवीच्या पोरांसमोर काय उघडलं ते इथं लिहीत नाही. सेक्युअर डीएनएस चालू केलं, तेव्हापासून बंद.

रातपाळी: डीएनएस घाला चुलीत. आधी लाइट द्या! आठ दिवस झाले, मोटरीची लाइट रात्रीच येते. परवा दोन वाजता हरभऱ्याले पानी देत होतो, दांडात साप. तुमची प्रायव्हसी सापाले सांगा.

सेतूवाला: हे खरं बोलला गड्या! इथं तं दिवसातून दहादा लाइट जाते. यूपीएसची ब्याटरी मेली, कंप्युटर गचकन बंद.

रातपाळी: आमच्या गावात तं ट्रान्सफॉर्मर जळला, वर्गणी काढून आनला. साहेब फोन उचलत नाही.

कपाशीवाला: धागा कायचा, चाललं काय?

शाळामास्तर: थांबा, चालू द्या. सेतूवाले, लाइट गेल्यावर कंप्युटरची तारीख मागे जाते का?

सेतूवाला: जाते ना. पोरगं रोज सकाळी दुरुस्त करते.

शाळामास्तर: मग झालं! मदरबोर्डवरचा, तारीख सांभाळणारा सीआर २०३२ सेल संपलाय. तारीख चुकली की साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे तिचं मुदतीचं ओळखपत्र, चुकीचं ठरतं आणि सुरक्षित साइट अडतात. सेक्युअर डीएनएसही तसंच अडू शकतं. तुम्ही सेटिंग बंद करता तेवढ्यात पोरगं तारीख बदलतं. काम पोराचं, नाव डीएनएसचं.

कपाशीवाला: 😂 पोराची पगारवाढ करा.

सेतूवाला: हसू नका, आमाले धंदा कराचा असते. तुमच्यासारखं पारावर बसून टायपत नाही.

सेतूवाला: (दुसऱ्या दिवशी) सेल बदलला. सकाळी पहिल्या झटक्यात उघडलं. सेक्युअर डीएनएस तरी बंदच ठेवलं हाये, कपाशीवाल्याच्या नाकावर टिच्चून.

कपाशीवाला: ठेवा. फक्त गिऱ्हाइकाचा मोबाइल हाती आला का त्याचं बंद करू नका.

रातपाळी: लाइट आली. मोटर लावून येतो.