शब्दचर्चा : कंपनीचा 'पाठिंबा' म्हणावं का?

फोंड्याची मास्तरीण
नववीला वादविवादासाठी विषय दिला, 'बड्या कंपन्यांचा राजकीय पक्षांना पाठिंबा : निष्ठा की स्वार्थ?' फळ्यावर लिहून वळते तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, पाठिंब्याला पाठ लागते ना? कंपनीला पाठ कुठे असते?" वर्ग हसला, मीही हसले, पण घरी पोचेपर्यंत प्रश्न डोक्यातून जाईना. पाठिंबा, पाठबळ, पाठराखण, सगळीकडे माणसाची पाठ आहे. जो पाठीशी उभा राहतो त्याला वेळप्रसंगी घावही सोसावा लागतो. चेकवर सही करणाऱ्याला हा शब्द कसा लावायचा? मग काय म्हणू? देणगी? वर्गणी? नजराणा?

डिचोलीकर
देणगी तर नकोच, बाय. चवथ जवळ आली की आमच्याकडे मंडळाची पोरं कुपनांचं पुस्तक घेऊन दारात. कुपनावर छापलेलं असतं 'देणगी रु. 100', आणि खाली ठळक अक्षरांत पहिलं बक्षीस मोटारगाडी. गेल्या साली मी पाच घेतली. कोणी विचारलं असतं तर गणपतीसाठी म्हणालो असतो. सोडतीच्या रात्री मात्र चष्मा लावून आकडे जुळवत बसलो होतो. निवडणूक रोख्यांची, म्हणजे नाव जाहीर न करता पक्षाला पैसे द्यायला बँकेतून घ्यायच्या कागदांची, यादी मार्च 2024 मध्ये बाहेर आली तेव्हा खरेदीदारांत सगळ्यांत वर नाव होतं फ्यूचर गेमिंगचं, 1,368 कोटी. धंदा लॉटरीचा! मला माझी पाच कुपनं आठवली, दुसरं काय.

निवृत्त हिशेबनीस
चाळीस वर्षं खातेवह्या लिहिल्या, म्हणून थोडं लांबण लावतो.

कंपनीला मन नसतं, तेव्हा निष्ठा आहे की नाही हा प्रश्न तिला विचारताच येत नाही. शिवाय पैसे भागधारकांचे. संचालकांनी ते कंपनीच्या हिताबाहेर उधळले तर उद्या भागधारक जाब विचारतील. 1957 साली टाटांच्या पोलाद कंपनीला पक्षांना पैसे देता यावेत म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचा होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. देणं कंपनीच्या हिताचं आहे, हीच कंपनीची बाजू होती. 'आम्हाला देशप्रेमाचं भरतं आलंय' म्हणून परवानगी मिळाली नसती. मुख्य न्यायमूर्ती छागलांनी परवानगी दिली, पण अशा पैशाने लोकशाहीचा झराच गढूळ होईल ही भीती निकालात नोंदवून ठेवली. म्हणजे बाई, कायद्याच्या दारात स्वार्थ हा आरोप नव्हे, तो प्रवेशाचा पास आहे.

आता उलट बाजूचंही सांगतो, नाहीतर पोरं म्हणतील आजोबा एकतर्फी. 1961 मध्ये जे. आर. डी. टाटांनी नेहरूंना पत्र लिहून कळवलं की काँग्रेसला देतोच, पण 'स्वतंत्र' नावाच्या विरोधी पक्षालाही देणार, कारण देशाला धड विरोधी पक्ष हवा. पंतप्रधानांना आधी सांगून त्यांच्या विरोधकाला पैसे द्यायचे! यात धंद्याचा हिशेब नव्हताच असं मी म्हणणार नाही, स्वतंत्र पक्ष लायसन्स-परमिटच्या विरोधातच होता. तरी इथे 'पाठ' दिसते. घाव येऊ शकला असता.

1969 मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, 1985 मध्ये उठली. पुढे मर्यादा होती, तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 7.5 टक्के. 2017 मध्ये तीही काढली, म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा हवं तेवढं देऊ शकत होती. आता सांगा, ज्याच्या घरी चूल पेटत नाही तो कोटींनी वाटतो तेव्हा आपल्या भाषेत त्याला दानशूर म्हणतात की दुसऱ्याचा हमाल? सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 ला रोख्यांबरोबर हेही रद्द केलं.

शुक्रवारचा बाजार, म्हापसा
तुम्ही सगळे देणाऱ्याच्या मनात डोकावताय. घेणाऱ्याच्या हातात काय आहे ते बघा. त्या यादीतल्या काही कंपन्यांनी छापे पडल्यानंतर रोखे घेतल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्याला आपल्याकडे जुना शब्द आहे, खंडणी. पूर्वी मांडलिक राजा ती द्यायचा, आता हा शब्द पोलीस ठाण्याच्या कागदात असतो. निष्ठाही नाही, स्वार्थही नाही. निव्वळ भय.

फोंड्याची मास्तरीण
बाजारबाब, तुमच्यामुळे व्याकरणाचा तास आठवला. क्रियापदाचे अर्थ आपण शिकवतो ना, त्यातला पहिला 'स्वार्थ'. क्रियापद फक्त आपला स्वतःचा अर्थ सांगतं : 'कंपनीने पैसे दिले.' बस. लबाडी काही नाही. तुमची खंडणी म्हणजे आज्ञार्थ, 'दे!' आणि डिचोलीकरांचं कुपन संकेतार्थात जातं : 'गाडी लागणार नसती तर घेतलं नसतं.' जाहीर कागदावर सगळी क्रियापदं स्वार्थी, आणि मनातली सगळी जर-तरची. वर्गात हे सांगितलं तर पोरं संकेतार्थ जन्मात विसरणार नाहीत.

पणजीवाला
वर्गणी हा शब्दही बाद करा. वर्गणी सगळ्यांनी मिळून, ऐपतीप्रमाणे. एकानेच सगळा मांडव घालून दिला तर मांडवात पहिली खुर्ची कोणाची, हे सांगावं लागत नाही. मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटी हलवणार असं मी किती निवडणुकांत ऐकलं! संध्याकाळी बांदोडकर मार्गावरून चालतो तेव्हा दिवे तिथेच लुकलुकत असतात. कोणी कोणाला काय दिलं ते मला ठाऊक नाही, उगाच बोलणार नाही.

डिचोलीकर
मार्गाचं नाव काढलंस म्हणून. भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक, स्वतःच मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षाचे नेते, 1963 मध्ये आमच्या गोव्याचे पहिले मुख्यमंत्री. तिथे कंपनीने पक्षाला दिलं की पक्षाने कंपनीला, हा प्रश्न कसा घालणार? आणि सोपं उत्तरही नाही. त्यांच्याच काळात 1964 चा कूळ कायदा झाला, गावोगाव शाळा निघाल्या. माझा बाप त्यांतल्याच एका शाळेत शिकला. स्वार्थ म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण हेही खरं की कायद्याची झळ भाटकाराला, म्हणजे जमीनदाराला लागली, खाणीला नाही.

निवृत्त हिशेबनीस
वळू नये. पण दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहिलेल्या असतात, डावीकडे आणि उजवीकडे.

पणजीवाला
मग 'पावणी' म्हणूया का? देवळात नारळाची पावणी होते, पन्नास रुपयांचा नारळ हजारांत जातो.

डिचोलीकर
छे! पावणी सगळ्या गावासमोर. कोणी किती बोली लावली ते लहान पोरालाही कळतं, आणि पैसे देवाच्या पेटीत. रोख्यांत नाव झाकलेलं होतं, म्हणून तर मतदाराच्या जाणण्याच्या हक्कावर सगळं अडलं. पावणी हा फार इभ्रतीचा शब्द आहे, तो वाया घालवू नका.

निवृत्त हिशेबनीस
बाई, एवढा शोध कशाला? साधा शब्द घ्या, 'देणं'. देणं म्हणजे दिलेलं, आणि देणं म्हणजे फेडायचं राहिलेलं. 'मी तुझं काही देणं लागत नाही' म्हणतो तो दुसरा अर्थ. कंपनीच्या वहीत पहिला, पक्षाच्या वहीत दुसरा. आमच्या ताळेबंदात 'देणी' नेहमी त्याच रकान्यात बसतात.

फोंड्याची मास्तरीण
घेतलं. उद्या फळ्यावर 'पाठिंबा' पुसून 'देणं' लिहिते. आणि पाठ शोधणाऱ्या त्या मुलाला निष्ठेच्या बाजूने बोलायला उभा करते, जे. आर. डीं.चं पत्र त्याला सांगू की त्याचं त्यालाच शोधू देऊ?

शुक्रवारचा बाजार, म्हापसा
शोधू दे. फुकट मिळालं तर तो देणं लागेल.