अनुभव: धाकट्या भावंडाला वाढवताना भेटलेलं प्रेम

थोरला
काल एक प्रेमकथा वाचली. धाकट्या भावाला एकट्याने वाढवणारा तरुण आणि त्याला भेटलेला पुरुष. झोपच लागली नाही, म्हणून धागा काढतोय.

आई-बाबा गेले तेव्हा मी बावीसचा, धाकटी सातवीत. पुढच्या वर्षी तो भेटला. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल फिरवला होता, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा डोक्यावर. मला पोलिसांची भीती नव्हती, आत्याची होती. ती म्हणाली होती, "पोरीकडे नीट लक्ष दिलं नाहीस तर आम्ही घेऊन जाऊ." तिला हे कळलं असतं तर?

तो घरी यायचा ते गणित शिकवायला. आणि खरंच शिकवायचा, धाकटीचं बीजगणित त्यानेच सुधारलं. ती झोपली की आम्ही जिन्यात बसून बोलायचो. दार किलकिलं ठेवायचो, ती उठली तर कळावं म्हणून.

कुणी असं घर चालवलं असेल किंवा अशा घरात वाढलं असेल तर लिहा ना.

शेंडेफळ
मी दुसऱ्या बाजूचा. दादानेच वाढवलं मला. सगळे म्हणतात मुलांना आधीच कळतं. मला नव्हतं कळलं. दादाने सांगितलं तेव्हा प्रचंड राग आला, कारण दादा माझा एकट्याचा होता. मी इतका तुटक वागलो की दादाच्या जोडीदाराने येणंच बंद केलं. मग दादा इस्त्री करताना गुणगुणायचा ते थांबलं. घर इतकं गप्प झालं की शेवटी मीच दादाच्या फोनवरून त्यांना फोन लावला. काय बोललो आठवत नाही. संध्याकाळी ते आले एवढं आठवतं.

गप्पिष्ट
बसमध्ये वाचतेय, डोळे भरले. थोरला, पाळीबिळीचं धाकटीला कोणी सांगितलं हो?

रात्रपाळी
मी सध्या त्या 'तो'च्या जागी आहे. त्याचा भाऊ नववीत. कुठे जायचं ठरलं की रद्द. ताप, चाचणी, पालकसभा. चिडचिड होते, खोटं कशाला बोलू. पण भाऊ झोपल्यावर दबक्या आवाजात दिवसभराचं सगळं मला सांगतो ना, तेव्हा वाटतं हा माणूस आपल्याला मिळाला. ड्यूटी लागली, नंतर लिहितो

मांजरप्रेमी
गप्पिष्ट, बसमध्ये फोन सांभाळ गं, आत्ताच तर नवा घेतलास.

थोरला
@गप्पिष्ट, शेजारच्या काकूंना विचारणार होतो, जीभ रेटली नाही. त्याने त्याच्या ताईला फोन लावून दिला. ती धाकटीशी कितीतरी वेळ बोलली, मग मला यादी पाठवली. आमच्याबद्दल माहीत असलेलं तेव्हा ते एकच माणूस.
@रात्रपाळी, पालकसभेला तू जातोस का कधी?

कायद्याची वही
आत्याच्या धमकीवरून लिहिते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार अज्ञान (म्हणजे १८ वर्षांखालील), अविवाहित मुलाचे नैसर्गिक पालक आई-वडीलच. मोठा भाऊ त्यात येत नाही, पण आत्याही येत नाही! पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली न्यायालयातून नेमणूक करून घ्यावी लागते. तिथे मुलाचं हित बघतात आणि मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची पसंतीही विचारात घेऊ शकतात (कलम १७). आत्ता या परिस्थितीत कुणी असेल तर तो आदेश घेऊनच ठेवा. आणि मुलाच्या नावावरचं घर असा नेमलेला पालकही न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकू शकत नाही.

थोरला
हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर किती रात्री सुखाने झोपलो असतो.

रात्रपाळी
गेलो होतो. बाईंनी विचारलं तुम्ही कोण, तर भाऊच म्हणाला "आमचे आहेत"

गप्पिष्ट
अगं सांभाळतेय फोन! थोरला, पुढचं लिहा, मध्येच काय थांबलात.

थोरला
कपडे वाळत घालत होतो. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, आमच्यासारख्यांचं नातं गुन्हा राहिलं नाही. धाकटी बारावीत. तिनेच बातमी दाखवली आणि विचारलं, "मग आता सर इथेच राहतील का?" मला बोलताच येईना. त्याच आठवड्यात तो सामान घेऊन आला. कपाटाचा अर्धा भाग तिने आधीच रिकामा केला होता. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी लग्नाला मान्यता नाकारली, ते आजही सलतं. धाकटी आता नोकरीला लागली. तिच्या अर्जांवर संपर्कासाठी त्याचाच नंबर असतो, माझा नाही 🙂

शेंडेफळ
तुम्ही संयुक्त खातं काढलंत का? दादाला एका बँकेत उडवून लावलं होतं.

कायद्याची वही
२८ ऑगस्ट २०२४ ला अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलंय की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं काढायला किंवा एकमेकांना नामनिर्देशित (नॉमिनी) करायला काहीही बंधन नाही. ते छापून न्या.

शेंडेफळ
दादाला पाठवलं. सोमवारी दोघं जातायत. नामनिर्देशन वेगळं करावं लागतं का?

कायद्याची वही
हो. संयुक्त खातं असलं तरी तो रकाना कोरा सोडू नका.